हातमोजा यंत्राचा, मेहनत आपली

गेल्या मे महिन्यातील गोष्ट. दुपारचे रुग्ण संपत आले होते. एवढ्यात आमच्या पेठेतील शिंपीकाका मुलाच्या आधाराने आत आले. जानेवारीत त्यांच्या उजव्या अंगावरून वारे गेले होते. पाय बऱ्यापैकी सुधारला होता, काठी टेकत ते चालत होते. उजवा हात मात्र छातीशी दुमडलेला आणि मूठ आवळलेली, होती तशीच होती. मुलाने पिशवीतून एक खोके काढून माझ्या टेबलावर ठेवले. आत एक काळा हातमोजा, त्याच्या प्रत्येक बोटावर घड्याघड्यांची रबरी नळी आणि सोबत हवेचा छोटा पंप. मोबाईलवर जाहिरात पाहून त्याने तो मागवला होता.

"डॉक्टरसाहेब, दोन महिने झाले, रोज तास-दोन तास घालतोय," मुलगा म्हणाला. "मोजा चालू असला की बोटं उघडतात, मिटतात. बंद केला की मूठ पुन्हा तशीच. माल खराब निघाला का?"

मी काकांना मोजा घालून दाखवायला सांगितले. पंप घुरघुरू लागला, नळ्या फुगल्या, बोटे मिटली, पुन्हा उघडली. यंत्र अगदी व्यवस्थित चालत होते. काका मात्र खिडकीबाहेर पाहत बसले होते. मी विचारले, "काका, हे चालू असताना तुम्ही काय करता?"

"मी काय करणार? टीव्ही बघतो. ते त्याचं काम करतंय की."

मोजा खराब नव्हता. पण हा मोजा घेण्यासाठी दुकानातले शिलाईचे दुसरे मशीन विकले गेले होते आणि जूनमध्ये शाळेच्या गणवेषांचा हंगाम तोंडावर होता. त्या घरातील कमावता हात तोच. त्यामुळे चूक नेमकी कोठे झाली आणि त्या चुकीत माझाही वाटा किती होता, हे आज वाचकांना सांगावे असे मनात आले. कारण असे मोजे आता आपल्या तालुक्यांतही येऊ लागले आहेत आणि उद्या ते तुमच्याही घरात येतील.

बिघाड हातात नसतो

आपल्याकडे कोणी 'वारे गेले' म्हणतात, कोणी लकवा म्हणतात. पुस्तकी नाव पक्षाघात. नाव कोणतेही घ्या, बिघाड हातात किंवा पायात झालेला नसतो. मेंदूला रक्त पुरवणारी एखादी वाहिनी गुठळीने बंद पडते किंवा फुटते आणि मेंदूचा तेवढा भाग निकामी होतो. हाताची हाडे, सांधे, स्नायू सगळे जागच्या जागी असतात. त्यांना हुकूम देणारा गेलेला असतो. म्हणूनच हाताला कितीही तेल चोळले, झाडपाल्याचा लेप दिला किंवा काही ठिकाणी अजूनही लावतात तसे कबुतराचे रक्त लावले, तरी त्यातून हुकूम येत नाही.

मग सुधारणा होते ती कशी? शेतकरी वाचकांना हे चटकन समजेल. पाण्याची मुख्य चारी ढासळली की शेवटच्या वाफ्याला पाणी पोचत नाही. तेव्हा शेजारच्या लहान चारीतून ते वळवावे लागते. पहिल्या दिवशी जेमतेम झिरपते. रोज सोडत राहिले की ती चारी रुळते आणि वाफा भिजू लागतो. मेंदूतही शाबूत राहिलेला भाग हळूहळू हाताचे काम अंगावर घेतो. अमेरिकेतील रँडॉल्फ नुडो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली माकडांवर हे दाखवून दिले. मेंदूच्या हाताच्या भागाला इजा झालेल्या माकडांकडून लहानशा खळग्यातून खाऊ उचलण्याचा सराव रोज करून घेतला. तेव्हा हाताचा उरलेला भाग टिकला, इतकेच नव्हे तर काही माकडांत शेजारच्या भागातही पसरला.

पण याला दोन अटी आहेत. पाणी वरून सोडावे लागते, म्हणजे हालचालीचा प्रयत्न रुग्णाच्या स्वतःच्या मेंदूतून निघावा लागतो. आणि ते पुन्हा पुन्हा सोडावे लागते. प्राण्यांच्या प्रयोगांत हा सराव दिवसाला काहीशे वेळा होतो. माणसांचे काय? अमेरिकेतच कॅथरीन लँग यांच्या गटाने पक्षाघाताच्या रुग्णांच्या ३१२ व्यायाम-बैठकी प्रत्यक्ष बसून मोजल्या. २००९ साली प्रसिद्ध झालेला तो आकडा कोणाही डॉक्टरला विचार करायला लावील असा आहे. हाताने वस्तू धरणे, उचलणे अशा कामाच्या हालचाली ज्या बैठकींत करून घेतल्या जात, त्यांतही त्यांची सरासरी होती एका बैठकीत अवघी ३२. ही अमेरिकेची गत. आपल्याकडे तर अनेक रुग्णांच्या वाट्याला तेवढ्याही येत नाहीत.

फिजिओथेरपिस्टचा दोष म्हणून मी हे सांगत नाही. एका माणसाला दिवसात वीस-पंचवीस रुग्ण पाहायचे असतात. जड झालेला हात उचलून धरताना त्याचाही हात भरून येतो. येथेच यंत्राची गरज निर्माण होते. यंत्र थकत नाही, कंटाळत नाही.

लोखंडाऐवजी रबर

यंत्रमानव म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर लोखंडी सांगाडा येतो. सुरुवातीची यंत्रे तशीच होती. अमेरिकेच्या एमआयटी या संस्थेत नेव्हिल होगन आणि हरमानो क्रेब्स यांनी 'एमआयटी-मॅनस' नावाचे यंत्र केले आणि १९९० च्या दशकात ते पक्षाघाताच्या रुग्णांसाठी वापरात आले. रुग्णाने टेबलाशी बसायचे, हात यंत्राच्या दांड्यावर ठेवायचा आणि समोरच्या पडद्यावर खूण दिसेल तिकडे तो न्यायचा. अशी यंत्रे मोठी, महाग, आणि रुग्णालयाबाहेर न जाणारी. शिवाय बोटांची अडचण वेगळीच. एका पंजात डझनावारी सांधे, प्रत्येकाचा आस निराळा आणि प्रत्येक माणसाचा पंजा निराळा. लोखंडी बिजागरी सांध्याच्या आसाशी बरोबर जुळली नाही तर बोटाला पीळ बसतो.

म्हणून संशोधक मऊ वस्तूंकडे वळले. यातील युक्ती समजून घ्यायला घरी एक प्रयोग करून पाहा. लांबट फुगा घ्या, त्याच्या एका बाजूला लांबीभर चिकटपट्टी लावा आणि फुगवा. फुगा सरळ न फुगता चिकटपट्टीच्या बाजूला वाकतो, कारण ती बाजू ताणली जात नाही. बोटाच्या पाठीवर अशी नळी बसवली आणि तिच्यात हवा किंवा पाणी सोडले की नळीबरोबर बोटही वाकते. हार्वर्ड विद्यापीठात कॉनर वॉल्श यांच्या गटाने २०१५ साली मांडलेला हातमोजा याच तत्त्वावर होता. रबरासारख्या मऊ नळ्या, त्यांच्यावर न ताणणाऱ्या धाग्याचे वेढे, आणि पाण्याचा दाब देणारा पंप कमरेच्या पट्ट्यात. घरी घालून काम करता यावे, हा त्यामागील हेतू.

दुसरी तऱ्हा दोरीची. आपल्या बोटांचे स्नायू बहुतांशी कोपराखाली असतात आणि ते लांब दोऱ्यांनी बोटे ओढतात. स्वीडनमधील बायोसर्व्हो कंपनीच्या मोज्यात तशाच कृत्रिम दोऱ्या आहेत. बोटांच्या टोकाशी बसवलेल्या संवेदकांना दाब कळला की मोटर दोरी ओढते आणि पकड घट्ट होते. म्हणजे सुरुवात माणसाने करायची आणि जोर मोज्याने पुरवायचा. सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठातूनही हवेवर चालणारा 'एसोग्लोव्ह' पुढे आला. खांद्यासाठी तर हार्वर्डच्याच गटाने काखेत बसणारी फुगणारी पिशवी केली. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात स्नायू दुबळे करत नेणाऱ्या 'एएलएस' या आजाराच्या दहा रुग्णांनी ती वापरून पाहिली. हात वर उचलणे त्यांना सोपे गेले.

या साऱ्याची कल्पना मात्र नवी नाही. १९५० च्या दशकात अमेरिकेतील जोसेफ मॅककिबेन या पदार्थविज्ञान शास्त्रज्ञाच्या मुलीचे हात पोलिओने लुळे पडले. अणुबॉम्बच्या प्रकल्पावर काम केलेल्या या माणसाने मुलीसाठी रबरी नळीभोवती विणलेली जाळी घालून एक कृत्रिम स्नायू तयार केला. वायू भरला की तो खऱ्या स्नायूसारखा जाड होतो आणि आखडतो. आज जगभरच्या प्रयोगशाळांत त्याच्याच नावाने तो ओळखला जातो. मुळाशी होती ती एका बापाची तगमग. शिंपीकाकांच्या मुलाने मशीन विकले तेही त्याच तगमगीपोटी. त्याला मी कसा नावे ठेवू?

यंत्राने खरोखर किती फरक पडतो?

जाहिरातीत हात सुधारलेला दाखवतात. चाचण्या काय सांगतात ते पाहू. २०१० साली अमेरिकेत १२७ जुन्या रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. बारा आठवड्यांनंतर यंत्रावर व्यायाम केलेले रुग्ण नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा फार पुढे गेलेले आढळले नाहीत. छत्तीस आठवड्यांनी थोडा फायदा दिसला. पण तितकाच कसून व्यायाम माणसाने करून घेतला होता, त्या गटापेक्षा यंत्र सरस ठरले नाही. २०१९ साली ब्रिटनमधील मोठ्या चाचणीचे निकाल आले. रुग्ण ७७०, आठवड्यातून तीनदा, पाऊण-पाऊण तास, बारा आठवडे. यंत्राच्या गटातही आणि माणसाने दिलेल्या जादा व्यायामाच्या गटातही हाताच्या कामात नेहमीच्या उपचारांपेक्षा ठळक सुधारणा दिसली नाही.

या दोन्ही चाचण्या जुन्या पद्धतीच्या टेबलावरच्या यंत्रांच्या आहेत. मऊ मोज्यांवरच्या बहुतेक चाचण्या आजवर थोड्याथोड्या रुग्णांवर झालेल्या आहेत. त्यांत आशा आहे, पण छातीठोकपणे सांगण्याइतका पुरावा नाही. म्हणून 'हा मोजा घाला, लकवा बरा करा' असे जो म्हणतो तो विकणारा आहे, एवढे ओळखावे.

मग यंत्रे टाकून द्यायची का? माझे मत तसे नाही. माझ्या समजुतीप्रमाणे या चाचण्यांचा बोध असा, की आठवड्यातून दोन-सव्वादोन तास यंत्राशी बसून हात येत नाही. उरलेल्या वेळात तो हात काय करतो, यावर बरेच अवलंबून आहे. २००६ साली अमेरिकेत २२२ रुग्णांवरील चाचणीत चांगल्या हाताला दोन आठवडे दिवसाचा बहुतेक वेळ मोजा घालून अडकवून ठेवले आणि कामे दुखऱ्या हाताने करायला लावली. पक्षाघात होऊन तीन ते नऊ महिने झालेल्या, बोटे थोडी तरी हलवता येणाऱ्या या रुग्णांत फायदा झाला आणि तो वर्षभरानंतरही टिकून होता. मोजा येथेही होता. पण तो होता चांगल्या हातात, आणि त्यात यंत्र कसले नव्हते.

काकांचे काय चुकले, माझे काय चुकले

आता काकांकडे वळू. मोजा त्यांची बोटे हलवत होता. त्याने सांधे आखडत नाहीत, हा लाभ खराच. पण काकांच्या मेंदूला त्यात काही करावे लागत नव्हते. उलट यंत्र सगळे करते आहे असे कळले की शरीर आपला प्रयत्न काढून घेते. लहान मुलाचा हात धरून आपणच पाटीवर अक्षर काढत राहिलो तर त्याला अक्षर कधी येणार? हात सैल सोडून त्याला थोडे चुकू द्यावे लागते. चांगल्या यंत्राचा गुण हाच, की रुग्ण जेवढे करू शकतो तेवढे त्याला करू देते आणि कमी पडेल तेवढीच भर घालते.

दुसरी गोष्ट. पक्षाघातानंतर बहुतेकांची खरी अडचण मूठ मिटण्याची नसते, उघडण्याची असते. तरीही आपण घरोघर काय करतो? ज्याची मूठ आधीच आवळलेली आहे त्याच्या हातात रबरी चेंडू देतो आणि 'दाबत बसा' म्हणतो. पुष्कळ मऊ मोज्यांनाही ताठरलेली बोटे उघडण्याइतका जोर नसतो. मोजा निवडताना हे कोणी विचारत नाही.

आणि आता माझी चूक. फेब्रुवारीच्या सुरुवातीला काका रक्तदाब तपासायला माझ्याकडे आले होते. मी गोळ्या लिहून दिल्या, मीठ कमी करा म्हणालो, चालायला सांगितले. काकूंनी विचारले, "आणि हाताचं काय?" मी म्हणालो, "हात हळूहळू येईल, घाई करू नका." एका वाक्यात मी तो विषय संपवला. हात आपोआप येईल असे त्यांनी समजायचे आणि घरी बसायचे, हेच त्यांनी केले. महिनाभर वाट पाहून मग मुलाने मोबाईल उघडला.

ते दिवस किती मोलाचे होते हे मला ठाऊक असायला हवे होते. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका अभ्यासात ७२ रुग्ण होते. हाताचा वीस तासांचा जादा सराव काहींना पहिल्या महिन्यात, काहींना दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात, तर काहींना सहा महिने उलटल्यावर दिला. सर्वांत अधिक लाभ दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात सराव मिळालेल्यांना झाला. सहा महिन्यांनंतर दिला त्यांच्यात ठळक फरक दिसला नाही. याचा अर्थ जुन्या रुग्णाने आशा सोडावी असा नव्हे. २०१० च्या चाचणीतील रुग्ण जुनेच होते आणि त्यांच्यातही थोडी सुधारणा झाली. पण नव्या रुग्णाला 'घाई करू नका' म्हणणे हा सल्ला नव्हे, हे आता मी माझ्यापुरते तरी शिकलो आहे.

घरच्यांनी काय करावे

नुसते घरच्यांवर सोपवून भागते का? भारतात १४ रुग्णालयांतील १२५० रुग्णांवर याची चाचणी झाली. नातेवाइकांना व्यायाम शिकवून ते घरी करून घ्यायला सांगितले. २०१७ साली निकाल आला : सहा महिन्यांनी नेहमीच्या उपचारांपेक्षा त्याचा अधिक लाभ दिसला नाही. म्हणजे घरच्यांची माया आणि मेहनत असूनही जाणकाराची नजर लागतेच. निदान सुरुवातीला, आणि पुढे पंधरा दिवसांनी एकदा तरी, फिजिओथेरपिस्टने हात पाहावा. त्यांनी ठरवून दिलेल्या व्यायामात पुढील गोष्टी घरी नेटाने करता येतात.

रुग्ण उठला की दुखऱ्या हाताला धरून ओढू नका. खांद्याचा सांधा सैल पडलेला असतो, तो निखळतो आणि मग दुखण्यामुळे व्यायामच बंद पडतो. मूठ उघडताना बोटे एकेक करून जोराने सरळ करू नका. आधी मनगट खाली वाकवा, मग अंगठा बाहेर घ्या, मग बोटे आपसूक सैल होतात.

दोन-तीनशे वेळा हालचाल म्हटले की रुग्ण घाबरतो. ती दिवसभरात वाटून घ्या. टेबलावर फडके ठेवून ते पुढे-मागे सरकवणे, रिकामी वाटी ढकलणे, पेला धरून सोडणे, कपड्यांचा चिमटा दाबणे, पुढे जमले तर शेंगा निवडणे. ज्याचा जो व्यवसाय असेल त्यातील काम घ्यावे, म्हणजे मन लागते. काही हालचाल दिसत नसली तरी रुग्णाने मनाशी 'उघड' म्हणून प्रयत्न करायचा आणि मग घरच्यांनी मदत द्यायची. आधी मदत आणि मग प्रयत्न असे नको. मोज वहीत लिहून ठेवावी.

आरसा हे तर अतिशय स्वस्त साधन. चांगला हात आरशासमोर, दुखरा हात आरशामागे. चांगला हात उघडा-मिटा आणि आरशातील प्रतिमेकडे पाहत दुखऱ्या हातानेही तसाच प्रयत्न करा. डॉ. व्ही. एस. रामचंद्रन यांनी ही युक्ती १९९० च्या दशकात हात कापलेल्या रुग्णांच्या वेदनेसाठी काढली. पुढे पक्षाघातातही तिचा उपयोग होतो असे अनेक चाचण्यांच्या एकत्रित आढाव्यात, २०१८ साली, आढळले.

मोजा घ्यायचाच असेल तर

पैसे मोजण्यापूर्वी पाच प्रश्न विचारा. मोजा फक्त बोटे मिटवतो की उघडतोही? रुग्णाने प्रयत्न केला की मगच चालतो, की आपला आपण चालत राहतो? मदत कमी-जास्त करता येते का? एका हाताने घालता-काढता येतो का? आणि बिघडला तर दुरुस्त कोण करणार? याची उत्तरे मिळाली नाहीत तर पाकीट बंद ठेवा. मोजा काढल्यावर कातडी लाल झाली आहे का ते रोज पाहा; ज्या हाताला स्पर्श कळत नाही त्याला इजा झालेलीही कळत नाही. आणि मोजा चालू असताना टीव्ही बंद. मोज्याबरोबर प्रत्येक वेळी रुग्णाने स्वतः मिटायचे, स्वतः उघडायचे.

एका घराने मशीन विकावे का?

शेवटचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. हे यंत्र दिवसातून तास-दीड तास वापरायचे. उरलेला वेळ ते खोक्यात पडून राहणार. मग ते प्रत्येक घराने कर्ज काढून का घ्यावे? आपल्याकडे गावोगावची मंडळे रुग्णांसाठी पलंग, चाकाची खुर्ची, वॉकर अनामत घेऊन वापरायला देतात. तसेच व्यायामाची ही साधने एका ठिकाणी, फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली, आळीपाळीने वापरता आली पाहिजेत. आपल्याच देशात वेल्लोरचे ख्रिश्चन मेडिकल कॉलेज आणि आयआयटी मद्रास यांनी मिळून 'प्लूटो' नावाचे हाताच्या व्यायामाचे आटोपशीर यंत्र तयार केले आहे. ते मऊ मोजा नव्हे, टेबलावर ठेवायचे आहे. पण एकाच यंत्राला वेगवेगळे दांडे-मुठी जोडून मनगट, बोटे यांचे व्यायाम करता येतात. अशा साधनांसाठी परदेशाकडे डोळे लावून बसण्याची गरज नाही.

पण यंत्राच्याही आधी माणूस हवा. तालुक्याच्या रुग्णालयात क्ष-किरण यंत्र आहे का, रुग्णवाहिका आहे का, हे आपण विचारतो. हाताचा व्यायाम शिकवणारा फिजिओथेरपिस्ट आठवड्यातून किती दिवस असतो, हे कोणी विचारीत नाही. लोकप्रतिनिधींना निवेदन देताना हाही मुद्दा त्यात घाला. पन्नास हजारांचे यंत्र कपाटात कुलूपबंद राहण्यापेक्षा आधी ते वापरून घेणारा माणूस नेमला जावा, मग यंत्र यावे. हा क्रम उलटा झाला की काय होते, ते आपण इतर अनेक यंत्रांच्या बाबतीत पाहिले आहे.

आणि हे सारे पुढचे. चेहरा एकाएकी वाकडा झाला, एक हात खाली पडू लागला, बोलणे अडखळले, तर तेल-मालीश करीत घरी थांबू नका. जेथे मेंदूचा सीटी स्कॅन होतो अशा रुग्णालयात तातडीने न्या. गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते.

काकांचा मोजा मी परत करायला लावला नाही. जिल्ह्याच्या गावच्या एका फिजिओथेरपिस्टताईंनी त्याच मोज्यावर त्यांना नवा पाठ घालून दिला : आधी स्वतः, मग मोजा. रोज पंधरा-पंधरा मिनिटे चार वेळा, आणि मध्ये फडके, वाटी, आरसा. काकूंनी शिलाईच्या जुन्या मापाच्या वहीत आकडे लिहायला घेतले. त्या हंगामात गणवेष मुलानेच, एका मशीनवर, शेजाऱ्याची मदत घेऊन शिवले.

काकांना पूर्वीसारखे शिवता येत नाही आणि कदाचित येणारही नाही. ते मी त्यांना स्पष्ट सांगितले आहे. पण आता उजव्या तळव्याने ते कापड दाबून धरतात, म्हणजे डाव्या हाताने कात्री चालवता येते. गेल्या महिन्यात त्यांनी अंगठा आणि दोन बोटांत खडू धरून कापडावर एक रेघ ओढली. ती वाकडी होती. मोजा तेव्हा खुंटीला होता.

पक्षाघाताचा रुग्ण तुमच्या घरी किंवा शेजारी असेल तर उद्या त्याच्या डॉक्टरांना एवढेच विचारा : "हाताचं काय?" आणि उत्तर 'हळूहळू येईल' असे मिळाले तर पुन्हा विचारा. मी डॉक्टर असून सांगतो, तो तुमचा हक्क आहे.